आधी कोणाची जखम? कौटुंबिक सूडपटाच्या कथानकाची पार्श्वभूमी

१ डिसेंबर २०२३ रोजी ‘ॲनिमल’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्यावरची चर्चा मुख्यतः रक्तपात, नायकाची पुरुषी मग्रुरी आणि ‘ए’ प्रमाणपत्र यांभोवती फिरत राहिली. तीन तासांहून लांब असलेल्या या चित्रपटाचे कथानक कसे बांधले आहे, याची चिकित्सा त्या मानाने कमी झाली. वडिलांवर गोळीबार होतो, दुरावलेला मुलगा परदेशातून परततो, हल्लेखोरांचा माग काढत जातो आणि शेवटी ते आपल्याच रक्ताचे निघतात, असा त्याचा सांगाडा आहे. हा सांगाडा चित्रपटाहून कितीतरी जुना आहे. तो पडद्यावर आला त्या वाटेवरचे काही महत्त्वाचे टप्पे कोल्हापुरात असल्यामुळे येथूनच त्याचा मागोवा घेणे योग्य ठरेल.

सूडकथेला मोजक्याच गोष्टी लागतात. एक अन्याय घडावा लागतो, त्यातून कोणीतरी वाचावे लागते, अपराध्याची एखादी खूण मनात राहावी लागते, मध्ये वर्षे जावी लागतात आणि मग हिशेब चुकता व्हावा लागतो. या गोष्टी कोणत्या क्रमाने मांडायच्या, हा लेखकाचा खरा निर्णय असतो. त्यातही निर्णायक प्रश्न एकच आहे, तो म्हणजे प्रेक्षकाला आधी कोणाची जखम दाखवायची. दोन्ही घराण्यांनी एकमेकांची माणसे मारलेली असली, तरी ज्याचे दुःख आपण आधी पाहतो त्याच्या बाजूने आपण बसतो, आणि दुसऱ्याचे दुःख पुढे कळले तरी तोवर आपले मन ठरून गेलेले असते.

महाभारताची सुरुवातच या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तक्षकाच्या दंशाने परीक्षित मरतो आणि त्याचा मुलगा जनमेजय साऱ्या सर्पकुळाला जाळण्यासाठी सर्पसत्र मांडतो. वैशंपायन भारताची कथा सांगतात ती या सत्राच्या वेळी, म्हणजे सूडाचा अग्नी पेटलेला असताना. परंतु तक्षकाचीही एक जखम आहे. जनमेजयाचा पणजोबा अर्जुन याने श्रीकृष्णासह खांडववन जाळण्यास अग्नीला साहाय्य केले, त्या वेळी तक्षकाची पत्नी मारली गेली आणि मुलगा अश्वसेन तेवढा निसटला. हाच अश्वसेन पुढे कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनावर सूड उगवू पाहतो. ग्रंथ हे सारे सांगतो, कोणाचेही दुःख दडवत नाही, आणि अखेर आई नागकुळातील व वडील ऋषी असलेल्या आस्तिकाकडून ते सत्र थांबवतो. दोन्ही बाजूंचे रक्त ज्याच्या अंगात आहे असा माणूस मध्ये उभा करण्याची ही योजना नंतरच्या सूडपटांनी फारशी उचलली नाही, ही मला त्यांची मोठी उणीव वाटते.

कोल्हापूरची स्थळकथासुद्धा याच जातीची आहे. करवीर माहात्म्याच्या परंपरेनुसार कोल्हासुराचे पुत्र देवांच्या हातून मारले जातात आणि त्याचा डूख धरून तो या क्षेत्रात उच्छाद मांडतो. अंबाबाई त्याचा वध करते. मरताना तो मागणे मागतो की हे क्षेत्र आपल्या नावाने ओळखले जावे आणि दरवर्षी आपल्या नावाने कोहळ्याचा बळी दिला जावा. कथा येथे संपत नाही. त्याचा मुलगा कामाक्ष बापाचा वचपा काढण्यासाठी कपिलमुनींचा योगदंड मिळवतो आणि त्याच्या बळावर देवदेवतांना शेळ्यामेंढ्या करून टाकतो. त्र्यंबोली देवी, म्हणजेच टेंबलाई, त्याला मारून सर्वांची सुटका करते, पण विजयोत्सवाला तिलाच बोलावण्याचे राहून जाते, म्हणून ती रुसून टेकडीवर जाऊन बसते. तिची समजूत काढण्यासाठी आजही नवरात्रातील ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. तेथे कुमारिकेच्या हस्ते त्रिशूळाने कोहळा फोडला जातो आणि त्याचे तुकडे मिळवण्यासाठी भाविकांची झुंबड उडते. बाप मारला गेला, मुलगा सूड घ्यायला उठला, हे कथानक या गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. विशेष म्हणजे त्यात बापाची जखम असुरांच्या बाजूला आहे, आणि तरीही मेलेल्याची इच्छा जिंकणाऱ्यांनी पाळली आहे.

इतिहासातही असा दाखला दूरचा नाही. कागल तालुक्यातील कापशी हे सेनापती घोरपड्यांचे गाव. संताजी घोरपडे यांची १६९७ मध्ये म्हसवडच्या नागोजी माने यांनी हत्या केली. मराठी मनात संताजी हे मोगलांना धडकी भरवणारे सेनापती आणि नागोजी हे घातकी, असेच चित्र आहे, आणि संताजींचा पराक्रम पाहता ते स्वाभाविकही आहे. मात्र नागोजींची पत्नी राधाबाई यांचे बंधू अमृतराव निंबाळकर यांना संताजींनी हत्तीच्या पायी दिले होते आणि त्या भावाच्या सूडासाठी राधाबाईंनी पतीला भरीस घातले, असे परंपरा सांगते. अमृतरावांच्या मृत्यूपासून सुरुवात केली तर हीच हकिगत बहिणीच्या सूडाची कथा होते. संताजींच्या लढायांपासून सुरुवात केली तर ती एका सेनापतीच्या घाताची कथा होते. घटना त्याच राहतात, पण ऐकणाऱ्याची बाजू बदलते.

पडद्यावर येण्याआधी हे कथानक मराठी रंगभूमीवर पुरते मुरले होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आले. द्रौपदीचा अपमान आणि भीमाने घेतलेला बदला या कथेत प्रेक्षकांनी आणि सरकारनेही लॉर्ड कर्झनचा कारभार ओळखला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करणाऱ्या बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये आपला पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ काढला तोही कीचकवधाचाच. येथेच घडवलेल्या कॅमेऱ्यावर टिपलेले भीमाच्या हातून होणाऱ्या वधाचे दृश्य इतके अंगावर येणारे होते की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. पडद्यावरची हिंसा किती असावी हा वाद म्हणजे आजकालचे खूळ नव्हे. तो कोल्हापूरच्या पहिल्याच चित्रपटापासून चालत आला आहे. कथानकाच्या दृष्टीने पाहिले तर ‘सैरंध्री’ला जखम समजावून सांगण्याची गरजच नव्हती. प्रेक्षक ती घरून माहीत करून आला होता, त्यामुळे सारे बळ वधाच्या क्षणावर एकवटता आले.

याच बाबूरावांनी पाच वर्षांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यातील तरुण शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो मुंबईला जाऊन गिरणीत मजुरी धरतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सूडकथेला लागणारा अन्याय येथे पुरेपूर आहे, पण सूड नाही. जगात बहुतेक घरांचे होते तेच येथे होते. अन्यायानंतर सूडाशिवाय दुसरी वाटही दाखवता येते, हे इतक्या लवकर कोल्हापुरात सिद्ध झाले होते, याची आठवण ठेवायला हवी.

बोलपटांच्या काळात तमाशाप्रधान ग्रामीण चित्रपटाने या कथेला आपले रूप दिले. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. पाटलाने एका कुटुंबाचा केलेला सर्वनाश त्यातील नायिका तमाशाच्या फडावर, त्याच पाटलासमोर आणि साऱ्या गावासमोर सांगते. हत्यार उपसण्याऐवजी ती गुन्ह्याला तोंड फोडते. शेक्सपिअरचा हॅम्लेट काकाचा गुन्हा नाटकाकरवी काकाच्याच डोळ्यांसमोर मांडतो, आणि त्या नाटकाचे आगरकरांनी केलेले ‘विकारविलसित’ हे रूपांतर १८८३ पासून मराठीत होते. दोघांमधील साम्य योगायोगाचे असले तरी बोलके आहे. भाऊबंदकी आणि बांधावरून चालणारी वैरे ज्या मुलखात घरोघरी ठाऊक आहेत, तेथे गावासमोर अब्रू जाणे ही मरणाहून कमी शिक्षा नाही, हे त्या पटकथेला नेमके कळले होते.

हिंदी चित्रपटाने १९७३ मध्ये या सांगाड्याला जो आकार दिला तो पुढे कित्येक वर्षे टिकला. सलीम-जावेद यांनी लिहिलेले ‘जंजीर’ आणि ‘यादों की बारात’ हे दोन्ही चित्रपट त्याच वर्षीचे. दोन्हींत मुलाच्या डोळ्यांदेखत आईवडील मारले जातात. ‘जंजीर’मध्ये खुन्याच्या मनगटावरच्या साखळीतला घोडा मुलाच्या स्वप्नांत येत राहतो, तर ‘यादों की बारात’मध्ये ताटातूट झालेले भाऊ आईच्या गाण्यावरून एकमेकांना ओळखतात. जखम सुरुवातीलाच, नावांच्याही आधी दाखवून टाकायची, खूण प्रेक्षकाच्या हाती द्यायची आणि नायकाने ती ओळखण्याची वाट पाहायला लावायची, ही रचना साधी आहे आणि भक्कमही.

‘शोले’ने १९७५ मध्ये तीच जखम जागेवरून हलवली, आणि या साऱ्या इतिहासातले ते सर्वांत हुशारीचे पाऊल आहे असे मला वाटते. दोन भुरटे ठाकूरच्या गावी येतात, त्याच्यासाठी लढतात, पण तो गब्बरला जिवंत का मागतो याचे पुरते कारण त्यांना ठाऊक नसते आणि आपल्यालाही नसते. होळीच्या दिवशी डाकूंचा हल्ला होतो, बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते आणि तो ती उचलून देत नाही. प्रेक्षक त्याच्यावर मनोमन चिडतो. मग तो आपली हकिगत सांगतो, अंगणातली प्रेते दिसतात, गब्बरने उगारलेल्या तलवारी दिसतात, आणि वर्तमानात परतल्यावर शाल खाली घसरते. त्या शालीआड हात नाहीत. आपण ज्याला दोष देत होतो त्याचीच जखम उशिरा उघडी पडल्यामुळे ती दुप्पट लागते. ठाकूर गब्बरला ठार करतो असा मूळ शेवट सेन्सॉरने मान्य केला नाही, म्हणून ऐनवेळी पोलीस आणावे लागले. तो बदल आणीबाणीच्या काळातला आहे. सूडाचा शेवट कायद्याच्या हाती द्यायचा की नायकाच्या, हा निर्णय त्या वेळी लेखकाच्या हातून काढून घेतला गेला.

२०१२ च्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ने हिशेब तीन पिढ्यांवर पसरवला. त्यातील सरदार खान बापाचा सूड घेईपर्यंत डोक्यावर केस न वाढवण्याची शपथ घेतो. ‘वेणीसंहार’ नाटकातील द्रौपदीच्या मोकळ्या केसांची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही. ‘बाहुबली’ने २०१५ मध्ये जखम पहिल्या भागाच्या अखेरीस ठेवली आणि तिचे कारण २०१७ च्या दुसऱ्या भागात दिले. मध्यंतर दहा मिनिटांचे असते, ते येथे जवळजवळ दोन वर्षांचे झाले.

‘ॲनिमल’ या परंपरेत बसतो, पण त्याने एक मोठी अदलाबदल केली आहे. त्यातील नायकाला जुन्या अर्थाने जखमच नाही. त्याचे आईवडील मारले गेलेले नाहीत, घर लुटले गेलेले नाही. वडील त्याच्याकडे पुरेसे बघत नाहीत, हे त्याचे दुःख आहे, आणि त्याची सारी मारहाण त्या एका नजरेसाठी चाललेली आहे. उलट १९७३ च्या नायकाचे बालपण खलनायकाला मिळाले आहे. अबरारच्या घराला याच कुटुंबाने धंद्यातून दूर केले होते, आणि लहानपणी घरातला आत्मदाह डोळ्यांनी पाहून त्याची वाचा गेली. ‘जंजीर’च्या पटकथाकारांनी या मुलापासून चित्रपट सुरू केला असता आणि आपण त्याच्या बाजूने बसलो असतो. येथे तो मध्यंतरानंतर बऱ्याच वेळाने येतो. त्याची हकिगत थोडक्यात उरकली जाते, आणि ज्याला बोलताच येत नाही त्याची बाजू दुसऱ्यांना सांगावी लागते. तोवर प्रेक्षकाने नायकाबरोबर दोन तासांहून अधिक वेळ काढलेला असतो. विमानाच्या धावपट्टीवर एकाच रक्ताचे दोघे उघड्या अंगाने एकमेकांना भिडतात तेव्हा खरी जखम कोणाची हे पटकथेने सांगून ठेवलेले असते, पण ते अशा जागी सांगितलेले असते की त्याने टाळ्यांची दिशा बदलत नाही.