तोरोची रेड वाइन आणि मुळं खाणारा मावा

बाटलीवर "१२० वर्षं जुन्या वेलींची वाइन" असं काही लिहिलेलं दिसलं की लोक हमखास समजतात आतली वाइनच १२० वर्षांची आहे. नाही हो, वाइन थोड्याच वर्षांपूर्वीच्या द्राक्षांची असते, वय आहे ते वेलीचं. पण खरी गंमत तर पुढेच आहे, कारण युरोपात इतकी जुनी आणि स्वतःच्याच मुळांवर उभी असलेली वेल सापडणं ही मोठी दुर्मिळ गोष्ट आहे, आणि ती का दुर्मिळ आहे हे बाटलीवर कोणी लिहीत नाही.

तोरो हे स्पेनच्या वायव्येला थामोरा प्रांतातलं एक छोटं शहर, दुएरो नदीच्या काठी, पोर्तुगाल तिथून फार लांब नाही. भोवतालचा वाइनचा प्रदेशही त्याच नावाने ओळखला जातो, १९८७ मध्ये त्याला अधिकृत दर्जा मिळाला. समुद्रसपाटीपासून साधारण ६२० ते ७५० मीटर उंची, वर्षाला जेमतेम ३५० ते ४०० मिलिमीटर पाऊस, उन्हाळा भाजून काढणारा आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली. द्राक्ष म्हणाल तर तिंता दे तोरो, म्हणजे स्पेनचं प्रसिद्ध तेंप्रानियोच, पण शेकडो वर्षं इथल्या हवेत राहून जाड सालीचं आणि गडद झालेलं. त्यामुळे इथली रेड वाइन काळपट, टॅनिनने (द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक) जीभ ओढून घेणारी आणि अल्कोहोल १४-१५ टक्क्यांपर्यंत जाणारी. हलकी वाइन आवडणाऱ्यांनी जरा जपूनच. वेली मांडवावर नाही तर बुटक्या झुडपासारख्या वाढवतात आणि दोन वेलींमध्ये भरपूर अंतर, कारण जे काही थोडं पाणी आहे ते वाटून पुरवायचंय.

आता मुख्य खलनायक. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेली विनाकारण वाळायला लागल्या. शेतकरी मेलेली वेल उपटून बघायचे तर मुळं कुजलेली, पण किडा एकही नाही. १८६८ मध्ये प्लाँशाँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी मेलेल्या वेलीशेजारची चांगली दिसणारी वेल उपटायला लावली आणि मुळांवर पिवळे ठिपके दिसले, भिंगातून पाहिलं तर ते हलत होते! वेल मरायला टेकली की हे किडे तिला सोडून शेजारणीकडे जायचे, म्हणून इतकी वर्षं कोणाला सापडले नव्हते. हाच तो फायलोक्सेरा, आपल्या पिकांवर पडतो त्या माव्याचा नातेवाईक, लांबी जेमतेम एक मिलिमीटर. मूळचा अमेरिकेतला. पूर्वी शिडाच्या जहाजाने अमेरिकेहून यायला इतके आठवडे लागायचे की रोपांवरचा किडा वाटेतच मरत असावा, वाफेच्या बोटी आल्या आणि तो जिवंत उतरला, असं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे.

हा किडा करतो काय ते नीट बघण्यासारखं आहे. तो मूळ कुरतडत नाही, सोंड खुपसून रस पितो आणि लाळ आत सोडतो, त्या लाळेमुळे मुळाच्या पेशी वेड्यावाकड्या वाढून गाठ तयार होते. पांढऱ्या मुळीच्या टोकाला अशी गाठ आली की ती मुळी वाढायची थांबते, पण तेवढ्याने वेल मरत नाही, ती नवी मुळी फोडते. घात होतो तो जुन्या जाड मुळांवरच्या गाठींनी. तिथे साल फाटते, जखम खोल जाते आणि त्यातून जमिनीतल्या बुरश्या आत शिरतात, मूळ सडतं, मग वेल काही वर्षांत उपाशी-तहानलेली मरते. अमेरिकन जंगली वेलींनाही हा किडा चावतोच, पण त्यांचं मूळ जखमेखाली पटकन बुचासारख्या पेशींचा थर तयार करतं, बाहेरचा खराब तुकडा सुकून गळून जातो आणि आतलं शाबूत राहतं. या वेली किड्यासोबत हजारो वर्षं राहिल्या, त्यातल्या ज्यांना हा थर वेळेत बनवता आला त्या टिकल्या. युरोपच्या वेलीची आणि या किड्याची त्याआधी कधी गाठच पडली नव्हती. त्यात मादीला पिल्लांसाठी नर लागत नाही, एका हंगामात कितीतरी पिढ्या निघतात, म्हणजे पोचलेला एकटा किडाही पुरे.

मग तोरो कसं वाचलं? वाळूमुळे. अंड्यातून निघालेलं पिल्लू चालत पुढच्या मुळाकडे जातं, आणि त्याला स्वतःला बीळ खणता येत नाही, त्याला तयार वाट लागते. चिकणमाती वाळली की आकसते, भेगा पडतात, त्या भेगा म्हणजे या पिल्लांचे रस्तेच. वाळू आकसत नाही, भेगाळत नाही, कण जागचे सरकतात आणि पोकळी लगेच बुजते. वाळूत नेमकं आणखी काय काय घडतं यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात, पण फ्रान्समध्येही समुद्रकाठच्या एग-मोर्तजवळच्या वाळूतल्या वेली टिकल्या, हे तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं होतं. तोरोत सगळी जमीन काही वाळूची नाही, पण जिथे वाळू जाड आहे तिथे १०० वर्षांच्या पुढच्या वेली आजही फळ देतायत. उलट तेव्हा फ्रान्सचं उत्पादन कोसळल्यावर तोरोची वाइन तिकडे विकली गेली.

फ्रान्स सरकारने तर उपाय सांगणाऱ्याला ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं होतं, मग काय, सूचनांचा पाऊस पडला. वेलीखाली जिवंत बेडूक पुरा, तो विष ओढून घेतो, हासुद्धा त्यातलाच एक उपाय. बिचारे बेडूक. (आपल्याकडेही अमावस्येला बागेत लिंबं टांगणारे आहेत, तेव्हा फार हसू नका.) चाललेला उपाय म्हणजे कलम. रायवळच्या कोयीवर वाढलेल्या रोपावर हापूस बांधावा तसं खाली अमेरिकन खुंट, वर युरोपियन काडी. फळ वरच्या काडीचं, मार खाणार खालचं मूळ. बक्षीस मात्र शेवटपर्यंत कोणालाच दिलं नाही, सरकार म्हणालं हा काही किडा मारायचा उपाय नव्हे!

यात टेक्सासच्या मन्सन नावाच्या द्राक्षतज्ज्ञाचा मोठा वाटा होता, फ्रान्समधल्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत तगणाऱ्या जंगली वेली फ्रेंचांना त्याच्याकडून समजल्या. आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना माहीत असलेला डॉगरीज खुंट हाही टेक्सासच्याच जंगली वेलींतून निवडलेला आहे, फक्त आपण तो खारं पाणी आणि दुष्काळ सोसण्यासाठी लावतो, फायलोक्सेरासाठी नाही.

आता जरा हाइपबद्दल. बिनकलमी, म्हणजे तोरोसारख्या स्वतःच्याच मुळांवरच्या वेलीची वाइन "मूळ, अस्सल चवीची" म्हणून चढ्या भावाने विकली जाते. खुंटाने काहीच फरक पडत नाही असं नाही, वेलीचा जोर, उत्पादन, मुळांनी घेतलेलं पोटॅशियम आणि त्यामुळे रसाचा आंबटपणा, हे सगळं बदलू शकतं. पण तोरोच्या जुन्या बागेत वेल म्हातारी आहे, फळ कमी आहे, जमीन वाळूची आहे, पाणी तुटपुंजं आहे, त्यामुळे चवीचं श्रेय एकट्या बिनकलमी मुळाला कसं देणार? माझ्या मते ते लेबल इतिहासासाठी वाचावं, चवीसाठी नाही.

सुरक्षितता कायमची नसते हेही खरं. स्पेनच्याच हुमिया या वाइनच्या प्रदेशात हा किडा १९८९ मध्ये पोचला, म्हणजे फ्रान्सनंतर सव्वाशे वर्षांनी. कॅलिफोर्नियात तर एएक्सआर-१ नावाचा खुंट, ज्यात अर्धं रक्त युरोपियन वेलीचं होतं, जास्त पीक देतो म्हणून सगळीकडे लावला, फ्रेंच सांगत होते नका लावू, आणि १९८० च्या दशकात नापा खोऱ्यात तो या किड्यापुढे कोसळला, हजारो एकर पुन्हा लावावे लागले.

बिनकलमी बागेत आणखी एक सोय असते. एखादी वेल मेली तर नांग्या (रिकाम्या जागा) भरायला नर्सरीतून रोप आणावं लागत नाही, शेजारच्या वेलीची लांब काडी वाकवून जमिनीत दाबायची, टोक वर काढायचं, दाब कलमाला मुळं फुटली की आईपासून तोडायचं. कलमी बागेत हे केलं तर फुटणारी मुळं वरच्या युरोपियन काडीची असतात, आणि खाली किडा वाट बघतच असतो.