खाणीवर गवत उगवलं, पण कोणतं?

वायोमिंगमधल्या पावडर रिव्हर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणी मैलोन्‌मैल पसरल्या आहेत. अमेरिकेतला साधारण 40 टक्के कोळसा या एकाच राज्यातून निघतो. कोळसा संपला की कंपनीने खड्डा बुजवायचा, बाजूला राखून ठेवलेली वरची माती परत पसरायची आणि बी पेरायचं. 1977 च्या कायद्याने हे बंधनकारक आहे आणि त्यासाठी हमीची रक्कम आधीच अडकवून ठेवलेली असते. वर्षाला 26 इंच (सुमारे 660 मिमी) किंवा त्याहून कमी पावसाच्या भागात पेरणीनंतर किमान 10 वर्षं जबाबदारी कंपनीचीच. मध्येच पुन्हा बी टाकावं लागलं, तर ही 10 वर्षं नव्याने सुरू होतात.

मग परीक्षा. जमिनीवर टेप ताणायची, ठरावीक अंतरावर बारीक सळई सरळ खाली सोडायची आणि ती कशाला टेकली ते लिहायचं: गवत, झुडूप, वाळका पाला, दगड, उघडी माती. 100 पैकी 50 वेळा जिवंत झाड लागलं, तर आच्छादन 50 टक्के. शेजारच्या न खणलेल्या तुकड्यावरही अशीच मोजणी होते आणि खाणीवरचा आकडा त्याच्या किमान 90 टक्के भरला की पास.

इथे चीटग्रास नावाचं गवत सगळा घोळ घालतं. एकोणिसाव्या शतकात युरोप-आशियातून आलेलं हे वर्षायू गवत शरद ऋतूत उगवतं, हिवाळाभर मुळं वाढवतं आणि स्थानिक गवतं जागी होईपर्यंत वसंतातली ओल पिऊन टाकतं. जूनच्या सुमारास ते आधी जांभळट-लाल पडतं, मग पेंढ्यासारखं वाळतं. आपल्याकडच्या कुसळीसारखी त्याची कुसळं मोज्यांत आणि गुरांच्या तोंडात रुततात. वाळलेल्या गवताला ठिणगी लागली की आग झुडपांपर्यंत पोचते. तिथलं सेजब्रश हे झुडूप एकदा जळालं की बुंध्यातून फुटत नाही, बियांपासूनच यावं लागतं. चीटग्रास मात्र पुढच्या पावसाला हजर.

आता हे गवत मोजायचं की नाही? एक काल्पनिक हिशेब करू. शेजारच्या तुकड्यावर आच्छादन 50 टक्के, म्हणजे पास व्हायला 45 हवेत. खाणीवर आहे 48, त्यात 20 चीटग्रास. सगळं धरलं तर पास. फक्त खाणीवरचं चीटग्रास वगळलं तर उरतात 28, सपशेल नापास. पण शेजारच्या तुकड्यावरच्या 50 मध्येही 25 चीटग्रास निघालं तर? ते दोन्हीकडून वगळलं की तिथे उरतात 25, हवेत 22.5, आणि आपली 28 टक्क्यांची खाण पुन्हा पास! जमीन तीच, फक्त आकडेमोडीची रीत बदलली. आणि ही नुसती कागदावरची शक्यता नव्हे. चीटग्रास न खणलेल्या माळांवरही पसरलेलं आहे. शेजारीच आजारी असेल तर त्याच्याशी तुलना करून निरोगीपणा कसा ठरवायचा? कंपनीने शेजाऱ्यापेक्षा चांगली जमीन द्यावी अशी अपेक्षा रास्त आहे का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

माझं मत विचाराल तर चीटग्रास मोजावं, पण वेगळ्या रकान्यात. नियमांमध्येच एक चांगली ओळ आहे: नव्या वनस्पतींचा वाढीचा हंगाम मूळ वनस्पतींसारखा असावा आणि त्यांनी स्वतःहून पुन्हा उगवावं. दुसऱ्या अटीत चीटग्रास अव्वल ठरेल, पहिल्या अटीत मात्र साफ आपटेल. म्हणून खरं पाहायचं ते हे की पेरलेल्या बहुवर्षायू गवताची नवी रोपं मूळ ओळींच्या बाहेर दिसतात का, झुडपांची संख्या वाढते आहे का, आणि कोरड्या वर्षात काय टिकतं. एका ओल्या वर्षातल्या मोजणीला फार अर्थ नाही, कारण वर्षायू गवताचं आच्छादन पावसागणिक खालीवर होतं.

पूर्वेकडच्या अॅपलाचियन डोंगरांत याच कायद्याची दुसरी गंमत झाली. धूप थांबवायला केंटकी-31 नावाचं फेस्क्यू गवत सढळ हाताने पेरलं गेलं. आच्छादनाचे आकडे छान आले, पण यंत्रांनी दाबून घट्ट केलेल्या जमिनीवर त्या दाट गवतात झाडांची रोपं तगेनात. जंगल असायचं तिथे वर्षानुवर्षं गवतच राहिलं.

हे सगळं आपल्याला लांबचं नाही. 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने आदेश दिला की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत आणण्याची, ती चारा आणि वनस्पती-प्राण्यांना योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांमध्ये घालावी. गोव्यातल्या लोहखनिजाच्या डंपांवर, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर, आजवर भर होता तो ऑस्ट्रेलियन अकेशियावर, त्यामुळे गवताचा विचार स्वागतार्हच. आदेशातला ‘चारा’ हा शब्द तर उत्तम कसोटी आहे, कारण गुरं गाजर गवताला तोंड लावत नाहीत. पण अट राबवताना स्थानिक गवतांची यादी आणि मोजणीचा महिना ठरवून द्यावा लागेल. सप्टेंबरात मोजणी केली, तर गोव्यात आणि चंद्रपुरात न पेरलेला डंपही बराचसा हिरवा भरेल.