मातीचा थर, मत्स्यालयातील

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात पाणवनस्पती रुजाव्यात व त्यांना मुळांवाटे अन्न मिळावे म्हणून तळाशी पसरलेला आणि वरून रेतीने झाकलेला मातीचा थर. धुतलेल्या रेतीत पोषकद्रव्ये जवळपास नसतात. मातीतील चिकण कण व ह्यूमस (कुजलेला सेंद्रिय अंश) मात्र अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम इत्यादी धनायन (धन विद्युत्भार असलेले कण) धरून ठेवतात आणि मुळांना पुरवतात. क्रिप्टोकोरीन, एकिनोडोरस, व्हॅलिस्नेरिया यांना याचा लाभ ठळकपणे होतो. अनुबियास व जावा फर्न यांचे आडवे खोड मातीत पुरले तर कुजते. त्यांना या थराचा उपयोग नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. झान व्हिलप्रू-पॉवर यांच्या काचेच्या पेट्या (सु. १८३२) कालदृष्ट्या आधीच्या, पण त्या समुद्री प्राण्यांच्या अभ्यासासाठी होत्या, त्यामुळे मातीच्या थराच्या इतिहासात त्यांना फारसे स्थान देता येत नाही. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये वर्णिलेल्या टाकीत तळाशी वाळू व गाळ, त्यात व्हॅलिस्नेरिया आणि सोबत सोनमासे होते. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागल्यावर त्यांनी गोगलगायी सोडल्या. आरंभबिंदू मानायचाच तर हा प्रयोग अधिक सयुक्तिक दिसतो. विसाव्या शतकात खडीखालील गाळणी (तळाच्या खडीतून पाणी खेचणारी) रूढ झाल्यावर माती बरीच मागे पडली. तिचे पुनरागमन प्रामुख्याने अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांच्या १९९९ मधील लेखनामुळे झाले असे सामान्यतः मानतात. माती आलटून-पालटून भिजवून व वाळवून वापरण्याची पद्धत बहुधा त्यानंतर हौशी लोकांत पसरली.

मातीची निवड : पोयट्याची माती (वाळू, मध्यम बारीक कणांचा पोयटा व चिकण कण यांचे मिश्रण) सर्वांत सोयीची. ती ओळखण्यासाठी एक तृतीयांश बरणी माती घेऊन वर पाणी भरावे, हलवून ठेवावे : वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकण कण दिवसभर किंवा त्याहूनही अधिक काळ तरंगतात. फुगणाऱ्या काळ्या मातीची धनायन-विनिमय क्षमता (धनायन धरून ठेवण्याची व सोडण्याची क्षमता) मोठी असली, तरी ती पाणी फार गढूळ करते आणि पुष्कळदा चुनखडीयुक्त असते. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून फसफसली, तर पाण्याचा कठीणपणा वाढणार हे नक्की. व्हॅलिस्नेरियाला ते चालते, मृदुजलातील वनस्पतींना नाही. तांबडी जांभ्याची माती लोह भरपूर देते, पण तिची धारणक्षमता कमी, म्हणून ती एकटी न वापरता सु. दहावा हिस्सा मिसळावी. शेणखत किंवा रासायनिक खताचे दाणे असलेली कुंडीतली माती, तणनाशक पडलेली माती आणि खाजणातली (खाऱ्या दलदलीतली) माती टाळावी. शेवटच्या प्रकारात सल्फेट व मीठ दोन्ही असतात.

खनिजीकरण (मातीतील सेंद्रिय पदार्थ आधीच कुजवून घेणे) : माती ३ ते ५ मिमी. जाळीच्या चाळणीतून चाळून घमेल्यात एक-दोन दिवस भिजवतात. वर तरंगणारा काडीकचरा काढून, पाणी ओतून देऊन प्लास्टिकवर २-३ सेंमी. जाडीने पसरतात. ओलसर असताना ती रोज उलथावी, कारण अमोनियाचे नायट्रेट हवेच्या सान्निध्यातच होते, पाण्याखाली बुडालेल्या मातीत नाही. मग ढेकूळ बोटांनी चुरेपर्यंत वाळवून पुन्हा भिजवतात. असे तीन-चार फेरे करतात. पुरते वाळवणे महत्त्वाचे : कोरडी माती भिजताच सूक्ष्मजीवांचे श्वसन एकदम उसळते व ह्यूमसचे विघटन वेगाने होते, हे एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये दाखवले होते. तयार झालेले नायट्रेट पुढच्या भिजवणीत धुऊन जाते. आक्षेप असा, की त्याबरोबर नायट्रोजन जातो आणि टाकीत कार्बन डाय-ऑक्साइड देऊ शकणारा सेंद्रिय कार्बनही. कार्बन डाय-ऑक्साइडचा वेगळा पुरवठा नसलेल्या टाकीत म्हणून चाळलेली कच्ची माती उजवी ठरते. मासे लवकर सोडायचे असतील तर खनिजीकृत.

थर रचणे : मातीची जाडी २.५ सेंमी. पुरे. ६०×३० सेंमी. तळासाठी साडेचार लिटर माती लागते. मूठ वळेल पण पाणी ठिबकणार नाही इतपत ती ओली असावी. कोरडी घातल्यास हवेचे बुडबुडे अडकतात. समोरच्या काचेपासून ३ सेंमी. पट्टा मोकळा सोडून तो रेतीनेच भरावा, नाहीतर काचेलगत उजेडात शेवाळ धरते. वर १ ते ३ मिमी. दाण्याची धुतलेली रेती ३ सेंमी. : याच टाकीला ५.४ लिटर, म्हणजे आठ किलोच्या आसपास. पिठासारखी बारीक वाळू विसरण (विरघळलेल्या द्रव्यांची व वायूंची ये-जा) अडवते, ५ मिमी.हून भरड खडीतून माती वर येते. प्लास्टिकचा तुकडा अंथरून त्यावर आधी ५ सेंमी. पाणी सोडतात, दाट लागवड करतात, मग टाकी भरतात.

बुडलेल्या मातीचे रसायन : या विषयातील बरेचसे ज्ञान भातशेतीच्या अभ्यासातून आले आहे. एफ. एन. पोन्नमपेरुमा (आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, फिलिपीन्स) यांचा १९७२ चा आढावा आजही आधारभूत समजला जातो. माती बुडाल्यावर ऑक्सिजन लवकरच संपतो; पृष्ठभागाचे काही मिमी. तेवढे अपवाद. पुढे सूक्ष्मजीव श्वसनासाठी क्रमाने नायट्रेट, मँगॅनीज, फेरिक लोह व सल्फेट वापरतात आणि अखेरीस मिथेन तयार होतो. आम्लधर्मी मातीचा पीएच चढतो, चुनखडीयुक्त मातीचा उतरतो; दोन्ही उदासीन पातळीकडे सरकतात. लोहाचा टप्पा हितकारक असतो : फेरिक लोहापासून बनलेले फेरस लोह विरघळते आणि फेरिक लोहाला जखडलेले फॉस्फेटही मोकळे होते. सल्फेटच्या टप्प्यावर हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो व मुळे काळी पडून कुजतात. पुरेसे लोह असल्यास तो आयर्न सल्फाइड होऊन बसतो, म्हणून काचेतून दिसणारा काळा डाग हा स्वतः धोका नव्हे. थर ४ सेंमी.हून जाड किंवा न कुजलेला पालापाचोळा जास्त असेल, तर लोह पुरे पडत नाही. बुडबुड्यांना वास नसेल तर ते मिथेन, नायट्रोजन वा कार्बन डाय-ऑक्साइडचे. सडक्या अंड्याचा वास आल्यास त्या जागी पातळ काडीने टोचतात. ज्यांच्या मुळांतून ऑक्सिजन झिरपतो अशा वनस्पती दाट असल्या, तर टोचण्याची वेळ सहसा येत नाही.

देखभाल : पहिल्या दोन आठवड्यांत अमोनिया उसळतो, दिवसाआड अर्धे पाणी बदलावे आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नयेत. पाण्याला आलेला चहाचा रंग टॅनिनचा असतो, निरुपद्रवी. मोठे झाड उपटल्यास माती वर उसळते, तेव्हा ते रेतीच्या पातळीवर कापून मुळे आतच ठेवतात. नायट्रोजन संपून जुनी पाने पिवळी पडू लागली, की मुळांशी खतगोळी खोचतात.