बीटी कपाशीचा कीडप्रतिकार आणि जमिनीची स्थिती

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीत क्राय१एसी, क्राय२एबी ही बोंडअळीला मारक प्रथिने तयार होतात. जनुक झाडात कायम राहते, प्रथिनाचे प्रमाण मात्र बदलते. कोवळ्या पानांत ते भरपूर असते, बोंडे धरू लागली की उतरते. फुलांत आणि बोंडाच्या सालीत मुळातच कमी असते. ही उतरण किती होईल हे बरेचसे जमिनीवर अवलंबून असते.

मुख्य दुवा नत्राचा. क्राय हे प्रथिनच असल्याने नत्र तुटले की ते कमी बनते. सगळे नत्र पेरणीलाच दिले तर हलक्या जमिनीत ते निचऱ्याबरोबर वाहून जाते आणि नेमके बोंडे भरताना कमी पडते. म्हणून पेरणी, पाते लागणे आणि फुलोरा असे हप्ते पाडावेत. अतिरेक मात्र टाळावा: झाड माजते, तुडतुडे-मावा वाढतो, आणि या रसशोषक किडींवर क्राय प्रथिनांचा काही परिणाम होत नाही.

भारी जमिनीत पाणी साचले की मुळांना प्राणवायू मिळत नाही, नत्राचे शोषण थांबते, जमिनीतले नायट्रेट वायुरूपाने उडून जाते. आधी चर काढून पाणी बाहेर काढावे. वाफसा आल्यावर २ टक्के युरियाची फवारणी करावी. मुळे गुदमरलेली असताना जमिनीतून दिलेले खत वाया जाते. उलट पाण्याच्या ताणात, विशेषतः बोंडे भरताना, प्रथिनाची निर्मिती मंदावते आणि असलेले प्रथिन झपाट्याने विघटित होते. क्षारपड जमिनीतही हेच घडते. येथे फसगत होण्याचा धोका जास्त, कारण कपाशी क्षार बरेच सोसते: संपृक्त अर्काची विद्युतवाहकता (म्हणजे जमिनीतल्या क्षारांचे माप) साधारण ७.७ डेसिसायमन प्रति मीटर होईपर्यंत उत्पादन फारसे घटत नाही. त्यामुळे हिरव्यागार दिसणाऱ्या झाडातही प्रथिन पुरेसे असेलच असे नाही.

अळी दिसताच बियाण्याला दोष देण्याआधी प्रादुर्भाव कुठे आहे ते पाहावे. तो सखल, चिबड किंवा क्षारांचा पांढरा थर आलेल्या पट्ट्यातच असेल तर कारण बहुधा जमिनीत आहे. शेतभर सारखा असेल तर किडीतच प्रतिकारशक्ती आल्याची शंका घ्यावी. पट्टी चाचणी प्रथिन आहे की नाही एवढेच सांगते, प्रमाणासाठी एलायझा चाचणी लागते. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत लपते, म्हणून २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. २ बोंडांत जिवंत अळी आढळल्यास फवारणीची वेळ आलेली असते. प्रथिनाच्या अर्धवट मात्रेत जगलेल्या अळ्यांतूनच प्रतिकारक्षम पिढी तयार होते, त्यामुळे असा पट्टा छोटा म्हणून सोडून देऊ नये.