मीरा विझतो म्हणजे नेमकं काय होतं?

२०१९ च्या अखेरीस मृगातला काक्षी तारा मंदावला आणि 'आता कोणत्याही क्षणी स्फोट' असे मथळे जगभर झळकले. काक्षीसमोर धूळ आली होती, शिवाय त्याच्या पृष्ठभागाचा काही भाग थंडावला होता. २०२० च्या एप्रिलपर्यंत तो सावरलाही. तारा मंद झाला म्हणजे मरायला टेकला, हा समज मात्र गेला नाही. त्या हिशोबानं तिमिंगल तारकासमूहातला मीरा दर अकरा महिन्यांनी मरतो.

डेव्हिड फॅब्रिशियस या जर्मन धर्मोपदेशकाला तो १५९६ च्या ऑगस्टमध्ये दिसला. काही आठवडे उजळत गेला आणि ऑक्टोबरपर्यंत गडप झाला. फॅब्रिशियसला वाटलं, नवतारा (अचानक उजळून मावळणारा तारा) असेल. १६०९ साली तो पुन्हा त्याच जागी हजर! १६३८ मध्ये होलवार्डा या डच खगोलशास्त्रज्ञानं त्याच्या येण्याजाण्यात नियमितपणा आहे हे ओळखलं. आज हा काळ सरासरी ३३२ दिवसांचा धरतात. ताऱ्याचं तेज 'प्रती'त मोजतात; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. एरवी मीरा तिसऱ्या प्रतीपासून नवव्या प्रतीपर्यंत उतरतो, म्हणजे सुमारे अडीचशे पटींनी मंदावतो. साध्या डोळ्यांची मजल सहाव्या प्रतीपर्यंतच. कधी उलटंही घडतं: १७७९ साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला तो जवळपास रोहिणीइतका तेजस्वी दिसला होता.

मीरा हा तांबडा राक्षसी तारा, सूर्याच्या शेकडो पट रुंद. त्याच्या केंद्रातला हायड्रोजन केव्हाच संपला, हेलियमही संपला. आता गाभ्याभोवतीच्या पातळ थरांत इंधन जळतं आणि बाहेरचा विरळ वायू फुगतो-आकसतो. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का मिळाला नाही तर तो थांबतोच. मग इथे धक्का कोण देतं? साधारणपणे ताऱ्यातला वायू दाबला की तापतो, तापला की जास्त पारदर्शक होतो, आतली उष्णता निसटते आणि हालचाल विरते. पण जिथे हायड्रोजनचे अणू अर्धवट आयनीभूत आहेत (म्हणजे काहींचे इलेक्ट्रॉन सुटलेले आहेत), त्या थरात दाबामुळे मिळालेली ऊर्जा इलेक्ट्रॉन तोडण्यात खर्ची पडते. तापमान फारसं वाढत नाही, घनता वाढते, थर अधिक अपारदर्शक होतो. खालून येणारी उष्णता अडते, दाब साचतो आणि थर बाहेर ढकलला जातो. फुगताना इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंत बसतात, थर पारदर्शक होतो, उष्णता निघून जाते, वायू परत खाली कोसळतो. (मीरात संवहनाचा, म्हणजे तापलेला वायू वर येऊन थंड वायू खाली जाण्याचा, खळखळाट इतका असतो की प्रत्यक्ष गणित याहून पुष्कळ किचकट होतं.) लग्नात अढळपणाचा आदर्श म्हणून दाखवतात तो ध्रुवही असाच स्पंदतो, दर चार दिवसांनी, तिथे हे काम हेलियम करतो. फरक इतका थोडा की वधूवरांना तो कळायचा नाही, पण अढळ वगैरे काही नाही.

आता खरी गंमत. मीरातून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा मोजली तर ती या सगळ्या नाट्यात दोन-अडीच पटच बदलते. मग अडीचशे पटींचा फरक कुठून आला? सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विन, मीराचा जेमतेम ३,०००. एवढ्या थंड वस्तूचा बहुतेक प्रकाश अवरक्तात, म्हणजे तांबड्यापलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशात, असतो; आपल्याला दिसतं ते त्याचं एक टोक. तारा फुगून काहीशे अंशांनी थंडावला की हे टोक झपाट्यानं खचतं. त्यावर कडी करतो टायटॅनियम ऑक्साइड. तापमान उतरलं की बाह्य थरांत त्याचे रेणू बनतात, टिकतात आणि नेमका दृश्य प्रकाश गिळतात. पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो तो टायटॅनियम डायऑक्साइड याचाच भाऊबंद. म्हणजे तारा फुगतो तेव्हा उजळण्याऐवजी आपल्याला मंद दिसतो! अवरक्त दुर्बिणीला मात्र तो त्याही दिवसांत ठळक दिसतो.

प्रत्येक स्पंदनाबरोबर थोडा वायू सुटतो. मीराचा वेग सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर असल्यानं हा वायू मागे पडत जातो. २००७ मध्ये गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीला मीरामागे तेरा प्रकाशवर्षं लांबीचं शेपूट सापडलं. चार शतकं लोक या ताऱ्याकडे डोळे लावून बसले होते, पण शेपूट चमकतं जंबुपार (जांभळ्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात, त्यामुळे कुणाला दिसणार?

पाहायचा असेल तर डिसेंबरच्या संध्याकाळी मेष राशीच्या दक्षिणेला शोधा. नकाशा हाताशी हवाच. शेजारच्या ठरलेल्या ताऱ्यांशी तुलना करून प्रत लिहायची; हौशी निरीक्षक हेच करतात आणि त्यांच्या नोंदी संशोधकही वापरतात. फक्त त्याचं वेळापत्रक आधी बघा. त्याचा तेजाचा कळस दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकतो, आणि एप्रिलच्या अखेरीस सूर्यच आकाशाच्या त्या भागात असतो. काही वर्षं हा कळस नेमका त्याच दिवसांत येतो आणि दिवसाच्या उजेडात वाया जातो.