खुरपं हाती घेण्याआधी : मधुमेह असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

आम्ही रोपं, माती, खतं आणि बागेची हत्यारं विकतो. आम्ही डॉक्टर नाही. तरी हे पत्रक काढावंसं वाटलं, कारण गल्ल्यावर एक प्रश्न सारखा येतो : "डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, पण चालायचा कंटाळा येतो. बाग केली तर चालेल का?" शिवाय आमच्यातल्याच दोघांना मधुमेह आहे. एकाला गोळ्या, एकीला इन्सुलिन. तेव्हा खाली जे आहे त्यातलं बरंचसं वाचून-विचारून घेतलेलं आणि थोडं अंगावर बेतलेलं आहे.

चालेल, आणि छान चालेल. फक्त बागकाम शुगरच्या हिशोबात धरायचं. चालायला निघालेला माणूस व्यायामाला म्हणून निघतो. बूट घालतो, घड्याळ बघतो, पोटात काय आहे ते त्याला ठाऊक असतं. बागेत शिरणारा मात्र एक वाळकं पान खुडायला जातो आणि दीड तासाने घामाघूम होऊन मान वर करतो. मधल्या वेळात शुगर कुठे पोचली, याचा त्याला पत्ता नसतो.

शुगर का उतरते

काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. म्हणून तर मधुमेहात हालचालीला एवढं महत्त्व. पण काम थांबलं तरी ही ओढ लगेच थांबत नाही. स्नायूंमधले रिकामे झालेले साठे भरत असतात आणि शरीर इन्सुलिनला जास्त दाद देत असतं; हा परिणाम २४ तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो. संध्याकाळी वाफा खणला आणि रात्री झोपेत शुगर उतरली, असं होतं ते यामुळेच. जड काम केलेल्या दिवशी इन्सुलिन घेणाऱ्यांनी झोपण्याआधी एकदा तपासलेलं बरं.

झारीने पाणी घालणं हलकं काम. तण काढणं, छाटणी, कुंडीतली माती हलवणं मध्यम. कुदळ मारणं, कंपोस्टचा ढीग पलटणं हे चांगलंच जड. मधुमेह असलेल्या प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असं सांगितलं जातं. बागकाम त्यात बसतं. आठवडाभर बागेकडे फिरकायचं नाही आणि सुट्टीच्या दिवशी पाच तास राबायचं, हे मात्र बसत नाही. आमचं मत विचाराल तर रोज अर्धा तास, शक्यतो ठरल्या वेळी. मग आजचे आकडे कालच्याशी ताडून बघता येतात आणि डॉक्टरांनाही औषधाचा अंदाज बांधता येतो. (धंद्याच्या दृष्टीने हा सल्ला आमच्या तोट्याचा. सुट्टीच्या उत्साहातच लोक एकदम बारा कुंड्या नेतात.)

धोका सगळ्यांना सारखा नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची शुगर फार खाली जाऊ शकते. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर तसं क्वचित होतं. पाकिटावरचं नाव वाचा. बागेतलं काम वाढवणार असाल तर डॉक्टरांना तसं सांगा; डोस आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.

घाम कामाचा की शुगरचा?

सगळं पत्रक वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

शुगर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते, गळून गेल्यासारखं वाटतं, डोळ्यांपुढे धूसर होतं. आणि तासभर उन्हात खणलं की काय होतं? जवळजवळ हेच. घरात बसलेल्या माणसाला एकदम घाम फुटला तर कुणीतरी विचारतं तरी. बागेतल्या घामाकडे कुणी बघत नाही, आपण स्वतःसुद्धा नाही. "एवढा कोपरा साफ करतो आणि उठतो" म्हणता म्हणता शुगर आणखी उतरते.

आमच्या दुकानातल्या ताईंचं तेच झालं. एकाच कुंडीत त्यांनी तीनदा खत घातलं. चौथ्यांदा घालायला निघाल्या तेव्हा मदतीला असलेल्या मुलाने हटकलं, तर त्या त्याच्यावरच खेकसल्या. मीटर लावलं तर ५८. तेव्हापासून आमच्याकडे विनाकारण उडालेला गोंधळ आणि विनाकारण आलेला राग या दोन खुणा घामाच्याही आधी बघतात. ते झाड मात्र गेलं.

शंका आली की हत्यार खाली ठेवा, सावलीत बसा आणि तपासा. आकडा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर पटकन रक्तात उतरणारी १५ ग्रॅम साखर घ्या. ग्लुकोजच्या गोळ्या, ग्लुकोज पावडर किंवा पाण्यात ढवळलेली तीन चहाचे चमचे साखर, जे हाताशी असेल ते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा; अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. मीटर घरात राहिलं असेल तर आधी साखर, मग मीटरची शोधाशोध. आकडा वर आला आणि जेवणाला वेळ असेल तर थोडं काही खाऊन घ्या. त्या दिवशीचं काम तिथेच संपलं, मग कोपरा अर्धा राहिला तरी राहू दे.

माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. त्या वेळी तुम्ही सांगायच्या अवस्थेत नसाल.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून राहते, अंगावर दिसणारी खूण म्हणून मुख्यतः घामच उरतो. आणि बागेत घामाची काय किंमत असते ते वर सांगितलंच.

सुरुवात करताना

इन्सुलिन किंवा वरच्या गटातल्या गोळ्या घेत असाल तर आधी तपासा. ९० च्या खाली असेल तर थोडं खाऊन मगच लागा. २५० च्या वर असेल आणि तुमचा मधुमेह टाइप १ असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, तेव्हा रक्तात आणि लघवीत वाढणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासा. कीटोन आढळले, मळमळ किंवा उलटी होत असेल, तर बागेला सुट्टी देऊन डॉक्टरांशी बोला. मांडीत इन्सुलिन घेऊन लगेच उकिडवं बसून खुरपायला लागलात तर ते नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं. उन्हानेही तसंच होतं.

बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतं. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तो जाईलच असं नाही. साबण-पाण्याने हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. मातीच्या हातांचं वेगळं सांगायला नको. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या बिघडतात. इन्सुलिनचं पेन उन्हात, कुंडीच्या कठड्यावर ठेवू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला राहतं. वापरातलं बाहेर चालतं, पण साधारण ३० अंशांच्या आत. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर तो रक्तातला बदल काही मिनिटं उशिरा दाखवतो, हे राबताना लक्षात असू द्या. ग्लुकोजच्या गोळ्या अशा नळीत ठेवा की थेट तोंडात टाकता येतील. हाताला खत किंवा फवारणीचं औषध लागलेलं असतं.

पाय, हात आणि माती

बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. काटा घुसला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असेल तर तेवढी जखम पुढे फार महागात पडते. अनवाणी मातीत उभं राहण्याचं सुख आम्हालाही कळतं, पण मधुमेह असेल तर ते सोडावं. सपाताही नकोत, पुढून बंद, जाड तळाचा बूट आणि घट्ट इलॅस्टिक नसलेले मोजे हवेत. बूट घालण्याआधी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा, कारण बागेतल्या बुटात खडा, काटा, विंचू, काहीही निघतं. काम संपल्यावर पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे आरशात बघा. वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. फोड, चीर, लाली, काहीही दिसलं आणि दोन दिवसांत कमी झालं नाही तर दाखवा. सूज किंवा पू असेल तर दोन दिवसही थांबू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा. दर दहा वर्षांनी ते पुन्हा घ्यावं लागतं, मातीने भरलेली खोल जखम असेल तर त्याआधीही.

हातमोजे आम्ही विकतो म्हणून सांगतोय असं वाटेल, पण जुने जाड कुठलेही चालतील. गुलाबाच्या काट्यावाटे एक बुरशी त्वचेत शिरते. आधी एक गाठ येते आणि मग हातावर गाठींची ओळच वर सरकत जाते. उष्ण प्रदेशातल्या ओल्या मातीत मेलिऑइडोसिसचे जिवाणू असू शकतात, आणि त्या आजाराचा सगळ्यात मोठा धोका मधुमेहींनाच असतो. कुजत्या पानांत, कंपोस्टमध्ये म्युकरच्या बुरशीचे बीजाणू असतात. शुगर आटोक्यात असलेल्या माणसाला त्यांचं सहसा काही होत नाही, फार वाढलेली असेल तर होऊ शकतं. पोटिंग मिक्सच्या (कुंडीत भरायच्या तयार मिश्रणाच्या) धुळीतून लिजिओनेला नावाचा जिवाणू फुप्फुसात जाऊ शकतो. काही देशांत पिशवीवर तसा इशारा छापलेला असतो. घाबरून बाग सोडायची नाही. पिशवी तोंडापासून लांब धरून उघडायची, कोरड्या मिश्रणावर आधी पाणी शिंपडायचं, ढीग पलटताना मास्क लावायचा. पायाला उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत मातीत उतरायचं नाही.

ऊन, पाठ, डोळे

जड काम सकाळी उरका आणि पाणी पीत राहा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि तिच्याबरोबर पाणीही जातं, म्हणून त्या घेणाऱ्यांना उन्हात लवकर शोष पडतो. खूप वेळ उकिडवं बसून एकदम उठलं की चक्कर येते. बसायला पाट किंवा बुटकं स्टूल घ्या आणि उठताना काहीतरी धरा.

डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालाय असं सांगितलं असेल तर श्वास रोखून वजन उचलणं टाळा. १० लिटरची भरलेली झारी म्हणजे १० किलो. अर्धी भरून दोन खेपा करा. मधुमेहात खांदा आखडणं आणि बोट अडकणं जास्त दिसतं. छाटणीची कात्री घेताना जाड मुठीची, नरम स्प्रिंगची बघा. ती आमच्याकडे उघडून, दाबून बघू देतो.

"इन्सुलिनचं झाड आहे का?"

आहे. पान सुंदर आहे, सावलीत छान वाढतं. रोज एक पान खाऊन गोळ्या बंद करता येतील या हिशोबाने नेत असाल तर नेऊ नका. झाडांत औषध नसतं असं नाही : मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीपर्यंत जातं आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळ्या केलेल्या फ्लोरिझिनपर्यंत. पण गॅलेगा खाऊन गुरांना विषबाधा होते, आणि मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाली तरी मधुमेहावर वापरात यायला १९५७ उजाडलं. आपल्या कुंडीतल्या पानात काय आणि किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं. चालू औषधांवर तसलं काही घेतलं तर शुगर नको तेवढी उतरूही शकते. घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

दुकानात गल्ल्याशेजारच्या बरणीत ग्लुकोजच्या गोळ्या असतात. रोपं निवडता निवडता हातपाय गळाल्यासारखे वाटले तर मागा. बिलात धरत नाही.