घड्याळ हृदयाचे ठोके चुकीचे दाखवतंय? दुकानात यायच्या आधी एकदा पट्टा बघा

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यातल्या आपल्या दुकानातून ज्यांनी स्मार्टवॉच किंवा बँड घेतलाय त्यांच्यासाठी, आणि दुसरीकडून घेऊन दुरुस्तीला आमच्याकडे आणतात त्यांच्यासाठी पण, हे लिहितोय. सध्या दिवसाला तीन-चार जण एकच तक्रार घेऊन येतात, "दादा, हे बिघडलंय, ठोके काहीच्या काही दाखवतंय, बदलून द्या." त्यातली बहुतेक घड्याळं एकदम व्यवस्थित असतात, फक्त सैल घातलेली असतात.

आता काउंटरवर नुसतं "पट्टा घट्ट करा" म्हटलं की समोरच्याला वाटतं दुकानदार टाळतोय. म्हणून जरा नीट सांगतो.

मागच्या महिन्यात एक काकू आल्या. रोज सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतात, मुलाने वाढदिवसाला घड्याळ दिलेलं. चालताना ठोके ११८, १२० असे दिसायचे, आरामात चालतोय तरी एवढे कसे म्हणून त्या घाबरल्या, आधी हळू चालायला लागल्या आणि मग फेऱ्याच बंद केल्या. घड्याळ बघितलं तर बांगड्यांच्या पुढे, पार तळहाताजवळ, आणि इतकं सैल की डायल फिरून खाली यायची. म्हटलं काकू, चला, बाहेर गल्लीत तुमच्या रोजच्या वेगाने चालून बघू. त्या चालल्या, मी बाजूने पावलं मोजली. अर्ध्या मिनिटात ५९, म्हणजे मिनिटाला ११८. घड्याळात बघितलं तर तिथेही ११८. थांबल्या थांबल्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजली, १५ सेकंदात २४, म्हणजे ९६. घड्याळ काकूंची पावलं मोजत होतं आणि तोच आकडा ठोके म्हणून दाखवत होतं. मग पट्टा दोन भोकं आत घेतला, घड्याळ बांगड्यांच्या वर कोपराच्या बाजूला सरकवलं, तेवढंच अंतर परत चाललो, ९८ आलं. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या परत सुरू.

असं का होतं ते सांगतो. घड्याळाच्या मागे जो हिरवा लाईट लुकलुकतो (तो कशाला असतो, त्याने काही अपाय होतो का, हेही रोज विचारतात, तर अपाय काही नाही) तो कातडीवर पडतो. रक्त लाल असतं आणि ते हिरवा उजेड चांगला शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त जरा जास्त येतं, तेव्हा परत येणारा उजेड जरासा कमी होतो, मग परत वाढतो. हा कमी-जास्त होणारा उजेड शेजारचा छोटा सेन्सर टिपतो आणि त्यावरून ठोके काढतो. हा फरक खूप बारीक असतो. आता घड्याळ सैल असेल तर प्रत्येक पावलाला ते कातडीपासून उचललं जातं आणि परत टेकतं, बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि हा धक्का रक्ताच्या त्या बारीक फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. सेन्सरला बिचाऱ्याला एक नियमित ताल दिसतो, तो पावलांचा आहे हे दरवेळी त्याला ओळखता येत नाही. हल्लीची चांगली घड्याळं हालचाल वेगळी मोजून ती वजा करायचा प्रयत्न करतात, पण पट्टाच सैल असेल तर त्यांचंही फार चालत नाही.

तर घालायचं असं. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत जे गोल हाड वर आलेलं असतं, त्याच्या वर, म्हणजे कोपराच्या बाजूला, साधारण एक बोट सोडून. हाडावर नाही आणि हाडाच्या खाली तर अजिबात नाही. घड्याळ बोटाने जरा ढकलून बघा, खालची कातडी घड्याळाबरोबर सरकली पाहिजे, घड्याळ एकटंच घसरलं तर सैल आहे. आणि काढल्यावर खोल वळ उठत असतील, हाताला मुंग्या येत असतील तर जास्त आवळलंय, त्यानेही रक्त दाबलं जातं आणि आकडा चुकतो. चालायला, जिमला जाताना एक भोक आत घ्या, घरी आल्यावर परत सैल करा, दिवसभर आवळून ठेवायची गरज नाही. मागची काच ओल्या फडक्याने पुसत जा, घाम आणि क्रीमचा थर बसतो. त्या जागी गडद टॅटू असेल तर उजेड आत जात नाही, मग दुसरा हात वापरा आणि ॲपमध्ये हात बदललाय तेही सेट करा. एसी लोकलमधून गारठून उतरल्यावर लगेच मोजलं तर थंडीने कातडीतलं रक्त कमी झालेलं असतं, दहा मिनिटं थांबून मोजा.

गंमत म्हणजे अंगावर घालायच्या कॉम्प्युटरचा हा त्रास पहिल्यापासून आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन गणितज्ञांनी सिगारेटच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर बनवला होता, रूलेट या जुगाराच्या चाकावर गोळी कुठे पडेल त्याचा अंदाज काढायला. बटण बुटात, पायाच्या अंगठ्याने दाबायचं, आणि उत्तर कानातल्या छोट्या स्पीकरमध्ये ऐकू यायचं. लास वेगासला नेऊन बघितला, हिशोब बरोबर यायचा पण कानाकडे जाणारी बारीक वायर सारखी तुटायची. म्हणजे यंत्र कितीही हुशार असो, ते अंगाला नीट बसलंय का यावर बरंच अवलंबून असतं.

आता आम्ही लगेच बदलून का देत नाही, यावरून कधी कधी आवाज चढतात, म्हणून तेही सांगतो. पूर्वी आम्ही कोणी तक्रार आणली की घड्याळ सरळ कंपनीकडे पाठवायचो. दहा-बारा दिवसांनी ते तसंच परत यायचं, सोबत चिठ्ठी की दोष आढळला नाही. तेवढे दिवस तुमचा हात रिकामा, आमचे हेलपाटे, आणि शेवटी प्रॉब्लेम आहे तिथेच. म्हणून आता आधी दहा मिनिटांची टेस्ट करतो. पाच मिनिटं खुर्चीत शांत बसायचं, मग बोटाला लावायचा ऑक्सिमीटर (तोही ठोके दाखवतो) आणि घड्याळ एकाच वेळी बघायचं, मग थोडं चालून परत. त्याचे पैसे घेत नाही, घड्याळ कुठूनही घेतलेलं असलं तरी. शांत बसलेलं असताना, पट्टा नीट असताना आणि काच स्वच्छ असतानाही सारखा मोठा फरक आला तर ते खरंच सदोष आहे, मग वॉरंटीचा फॉर्म आम्ही स्वतः भरून पाठवतो आणि त्यासाठी भांडायलाही तयार असतो. दोन-चार ठोक्यांचा फरक मात्र राहणारच, तो दोष नाही.

टेबलावर ठेवलं तरी ७० दाखवतं म्हणजे डुप्लिकेट आहे, असा व्हिडिओ बघून पण लोक येतात. टेबलावरून पण उजेड परत येतोच, सॉफ्टवेअर त्यात ताल शोधत बसतं आणि कधी कधी त्याला काहीतरी सापडतं. चांगल्या घड्याळातही हे होऊ शकतं. टेस्ट करायची तर मनगटावरच करा.

बीपी आणि शुगर. हे जरा गंभीरपणे वाचा, विशेषतः घरात आई-वडिलांसाठी घेत असाल तर. हजार-बाराशेच्या घड्याळात बीपीचा आकडा दिसतो तो अंदाज असतो, त्यावर गोळी कमी-जास्त करू नका. सॅमसंगच्या घड्याळात बीपीची सोय आहे पण तिथेही दर २८ दिवसांनी दंडाला पट्टा बांधायच्या मशीनने मोजून घड्याळाला शिकवावं लागतं. म्हणजे मशीन घरात लागतंच. आणि शुगरचं म्हणाल तर सुई न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही आणि असं काही वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं. दंडावर चिकटवायचा जो सेन्सर मिळतो तो वेगळा, त्याची बारीक तार कातडीच्या आत जाते, त्याचा आकडा काही घड्याळांवर बघता येतो, पण मोजतो तो सेन्सर, घड्याळ नाही. शुगर दाखवणारं घड्याळ आम्ही ठेवत नाही. गिऱ्हाईक परत जातं, जाऊ दे. चुकीच्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर त्याच्या जिवावर बेतेल, त्या धंद्यात आम्हाला पडायचं नाही.

ईसीजीवाली घड्याळं आहेत, ॲपलने २०१८ मध्ये आणली, मग बाकीच्यांनी. दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवायचं, अर्ध्या मिनिटात ईसीजीची पट्टी तयार. ठोके अनियमित पडतायत का हे बघायला चांगली सोय आहे, ती पीडीएफ डॉक्टरांना दाखवता येते. पण हार्ट अटॅक त्याला कळत नाही. छातीत दुखतंय, घाम फुटलाय तर घड्याळात बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

पावलांवरून घरात भांडणं होतात तीही ऐकून घ्या. पावलं हाताच्या हालचालीवरून मोजली जातात, म्हणून लोकलमध्ये दांडा धरून उभ्या उभ्या एखादं पाऊल वाढतं, घोडबंदर रोडच्या खड्ड्यातून बाईकवर गेलं की जरा जास्त वाढतात, आणि दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या घेऊन जांभळी नाक्यावरून चालत आलात तर बरीच पावलं लागतच नाहीत. खिशातल्या फोनशी आकडा जुळवत बसू नका. आणि दहा हजार पूर्ण झालेच पाहिजेत असं काही शास्त्र नाही, १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच दहा हजार पावलं मोजणारं अशा अर्थाचं होतं, तिथून हा आकडा जगभर गेला. तुमचे कालपेक्षा आज किती, एवढंच बघा.

मग घड्याळ घ्यायचं कशाला? मला विचाराल तर आकड्यांपेक्षा लहान लहान सोयींसाठी. आमच्याकडे एक दादा येतात, त्यांना ऐकू येत नाही, सकाळच्या शिफ्टला उठायला पूर्वी घरातल्या कोणाला तरी जागं राहावं लागायचं. आता मनगटावर थरथर होते आणि ते स्वतः उठतात. बँड दीड हजाराचा, पण त्यांच्या घरात त्याचं मोल वेगळंच आहे. गोळ्यांच्या वेळा लावून ठेवता येतात, गर्दीच्या लोकलमध्ये फोन खिशातून न काढता कोणाचा फोन आला ते कळतं, घरात फोन कुठे ठेवला तो शोधता येतो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी पडल्यावर ओळखणारं घड्याळ घ्या, जोरात आपटल्याचा झटका आणि त्यानंतर हालचाल नाही असं दिसलं की ते आधी विचारतं, उत्तर नाही आलं तर फोन लावतं. पण त्यासाठी फोन जवळ हवा किंवा घड्याळात ई-सिम (आतच बसवलेलं सिम) हवं, आणि ॲपमध्ये नातेवाइकांचा नंबर भरलेला हवा. बरेच जण ही सोय आहे म्हणून महाग घड्याळ घेतात आणि नंबर भरतच नाहीत, सोय कधी कधी बंदच असते. आमच्याकडून घेतलंत तर हे सगळं समोर बसून भरून देतो, दुसरीकडून घेतलं असेल तर फक्त सेटिंगचे शंभर रुपये.

एक राहिलं, पट्ट्याचं. कंपनीचा रबरी पट्टा भोकांचा असतो, एका भोकाला सैल आणि पुढच्याला आवळतो असं खूप जणांचं होतं, बारीक मनगटाच्या बायकांचं जास्त. त्यांच्यासाठी वेलक्रोचा नायलॉन पट्टा घ्या, पाहिजे तेवढा ओढून बसवता येतो, घाम सुकतो, धुता येतो. सगळ्या मापात ठेवलेत, २५० पासून, हातात घालून बघा आणि मगच घ्या. निम्म्या तक्रारी तेवढ्यावर थांबतात.

येताना फोन सोबत आणा, चार्ज असलेला, आणि ॲपचा पासवर्ड माहीत असू द्या, नाहीतर नुसतं घड्याळ बघून आम्हाला काही करता येत नाही. संध्याकाळी सहा ते आठ गर्दी असते, टेस्टसाठी दुपारी किंवा सकाळी अकरानंतर आलात तर निवांत बसून बघू. आणि जिना चढून आल्या आल्या लगेच मोजायला सांगू नका, आधी पाच मिनिटं बसा, पाणी देतो.